विश्लेषण : डबे तीन, पत्ता एक! राऊटरच्या ‘स्टॅक’ची ओळख ठरवते कोण?

वीज जाते, दहा मिनिटांनी परत येते. सर्व्हर खोलीतल्या सगळ्या डब्यांवर हिरवे दिवे लागतात. तरीही एका मजल्यावरचे प्रिंटर चालत नाहीत, हजेरीचे यंत्र सर्व्हरला सापडत नाही आणि बाहेरचे इंटरनेट बंदच राहते. एकही यंत्र जळालेले नसते, एकही केबल तुटलेली नसते. बदललेली असते ती नेटवर्कची ओळख. महाविद्यालये, रुग्णालये, सहकारी बँका, सरकारी कार्यालये अशा अनेक ठिकाणी दोन-तीन किंवा अधिक उपकरणे जोडून त्यांचा एक ‘स्टॅक’ केलेला असतो. या स्टॅकचे नाव, पत्ता आणि प्रमुख कोण, हे बसवतानाच ठरवून दिले नाही, तर यंत्रे ते आपापसांत ठरवतात. हा निर्णय कसा होतो, तो चुकला तर काय बिघडते आणि काय काळजी घ्यावी, याचा हा आढावा.

स्टॅकिंग म्हणजे नेमके काय?

एका उपकरणाला साधारण २४ किंवा ४८ पोर्ट असतात. इमारतीत शंभर संगणक, कॅमेरे आणि वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट असतील तर एक उपकरण पुरत नाही. तीन वेगवेगळी उपकरणे बसवली तर प्रत्येकाचे नाव, पासवर्ड आणि सेटिंग वेगळे सांभाळावे लागते. त्याऐवजी मागच्या बाजूने खास केबलने ती एकमेकांना जोडली, की ती एकच मोठे उपकरण असल्यासारखी वागतात. यालाच स्टॅकिंग म्हणतात. सिस्कोने २००३ मध्ये कॅटॅलिस्ट ३७५० या मालिकेत ‘स्टॅकवाइज’ नावाने ही सोय आणली. त्यात नऊ उपकरणे जोडता येत. ज्युनिपरच्या ईएक्स ४२०० मालिकेत ‘व्हर्च्युअल शासी’ या नावाने दहापर्यंत उपकरणे जोडता येतात.

तांत्रिकदृष्ट्या हे स्विच असतात. मात्र एका नेटवर्कातून दुसऱ्या नेटवर्काकडे वाट दाखवण्याचे, म्हणजे राऊटरचे कामही ते करतात. इमारतीतल्या संगणकांसाठी बाहेर जाण्याचा दरवाजा अनेकदा हाच स्टॅक असतो. त्यामुळे त्याची ओळख बिघडली, की अडचण एका खोलीपुरती राहत नाही.

स्टॅकची ओळख एक की अनेक?

दोन्ही. बाहेरच्या जगासाठी स्टॅकची ओळख एकच असते. त्यात तीन गोष्टी येतात. पहिली म्हणजे उपकरणाचे नाव, ज्याला होस्टनेम म्हणतात. दुसरी म्हणजे आयपी पत्ता. तिसरी म्हणजे मॅक पत्ता. हा ४८ बिटांचा, १२ अक्षर-अंकांचा क्रमांक कारखान्यातच उपकरणात घातलेला असतो. त्याचा पहिला अर्धा भाग आयईईई ही संस्था उत्पादक कंपनीला नेमून देते.

आतमध्ये मात्र प्रत्येक डब्याची स्वतंत्र ओळख कायम असते. त्याचा सीरियल क्रमांक, त्याचा स्वतःचा मॅक पत्ता, स्टॅकमधला सदस्य क्रमांक आणि प्रमुखपदासाठीचा प्राधान्यक्रम. बाहेरच्या ओळखीपैकी नाव आणि आयपी पत्ता माणसाने दिलेला असतो. मॅक पत्ता मात्र स्टॅक आपल्या प्रमुख सदस्याकडून उसना घेतो. सगळ्या गुंत्याचे मूळ याच उसनवारीत आहे.

प्रमुख कसा निवडला जातो?

स्टॅकमधला एक सदस्य सगळ्यांचा कारभार पाहतो. जुन्या भाषेत त्याला ‘मास्टर’ म्हणत, सिस्कोच्या नव्या उपकरणांत ‘ॲक्टिव्ह’ म्हणतात. सिस्कोच्या स्टॅकमध्ये प्रत्येक सदस्याला १ ते १५ पर्यंत प्राधान्यक्रम देता येतो. ज्याचा आकडा मोठा, तो प्रमुख. कंपनीकडून येताना प्रत्येक डब्यात हा आकडा १ असतो. कोणी तो बदललाच नाही तर सगळे बरोबरीत येतात आणि शेवटी ज्याचा मॅक पत्ता सर्वांत लहान, तो प्रमुख ठरतो.

इथे एक गंमत आहे आणि धोकाही. कंपन्या मॅक पत्ते साधारणपणे चढत्या क्रमाने वापरत जातात. त्यामुळे सर्वांत लहान मॅक पत्ता बहुतेक वेळा सर्वांत जुन्या डब्याचा असतो. म्हणजे काहीच ठरवले नाही, तर नवे उपकरण बाजूला राहून सर्वांत म्हातारे यंत्र प्रमुख होण्याची शक्यता जास्त.

दुसरा प्रश्न वेळेचा. कॅटॅलिस्ट ९३०० मालिकेत वीज आल्यावर १२० सेकंदांच्या आत सुरू झालेली उपकरणेच पहिल्या निवडणुकीत भाग घेतात. तीनपैकी एक डबा यूपीएसवर आणि दोन साध्या प्लगवर असतील, किंवा एकाची स्विच कोणी उशिरा दाबली, तर उशिरा आलेल्याचा प्राधान्यक्रम कितीही मोठा असला तरी त्याला सामान्य सदस्य म्हणूनच बसावे लागते. पुढची निवडणूक होईपर्यंत हे चित्र बदलत नाही. ज्या गावांत, वसाहतींत दिवसाआड लाइट जाते, तिथे ही निवडणूक वारंवार होते.

मॅक पत्ता बदलला तर काय बिघडते?

नेटवर्कात आयपी पत्ता माहीत असला तरी प्रत्यक्ष निरोप पोहोचतो तो मॅक पत्त्यावर. ‘हा आयपी कोणाचा?’ असा पुकारा करून मॅक पत्ता विचारण्याची पद्धत १९८२ मध्ये ठरली. तिला एआरपी म्हणतात. एकदा उत्तर मिळाले, की प्रत्येक उपकरण ते काही काळ लक्षात ठेवते. सिस्कोच्या राऊटरमध्ये हा काळ मुळात चार तासांचा असतो.

आता समजा, स्टॅकचा आयपी १९२.१६८.१०.१ आहे. प्रमुख बदलला आणि त्याबरोबर मॅक पत्ताही बदलला. आयपी तोच, पण त्यामागचा मॅक नवा. स्टॅक स्वतःहून सगळ्यांना ‘माझा पत्ता बदलला’ असे कळवतो. फोन आणि लॅपटॉप बहुधा हे लगेच ऐकतात. पण काही जुने प्रिंटर, हजेरीची यंत्रे किंवा औद्योगिक उपकरणे असा न मागता आलेला निरोप दुर्लक्षित करतात आणि जुन्याच पत्त्यावर माहिती पाठवत राहतात. एकाच इमारतीत काहींचे नेट चालू आणि काहींचे बंद, असा विचित्र बिघाड त्यातूनच दिसतो.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. अनेक स्थानिक इंटरनेट पुरवठादार ग्राहकाच्या उपकरणाचा मॅक पत्ता आपल्याकडे नोंदवून घेतात आणि त्याच पत्त्याला सेवा देतात. घरचा राऊटर बदलल्यावर केबलवाल्याला फोन करून ‘मॅक रीसेट करा’ सांगावे लागते, ते याचमुळे. स्टॅकची लाइन अशा पुरवठादाराची असेल आणि रात्रीत प्रमुख बदलला, तर पुरवठादाराच्या दृष्टीने दारात कोणी अनोळखीच उभा राहतो. बिल भरलेले, लाइन चालू, तरी नेट नाही.

मग मॅक पत्ता कायम ठेवता येतो का?

येतो. सिस्कोमध्ये प्रमुख बंद पडला तरी त्याचाच मॅक पत्ता काही मिनिटे चालू ठेवण्याची सोय आहे. ३७५० मालिकेत ती मुळात बंद असे. नवा प्रमुख आला, की मॅक लगेच बदले. सोय चालू करून वेळ दिली नाही तर चार मिनिटे धरली जात. शून्य हा आकडा दिला तर जुना मॅक बेमुदत राहतो. ज्युनिपरमध्ये ही मुदत मुळात दहा मिनिटांची असते. जुना प्रमुख या मुदतीत परत आला तर मॅक बदलतच नाही. नाही आला तर मुदत संपताच बदलतो. मात्र संपूर्ण स्टॅकच बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर सिस्कोमध्ये त्या वेळी जो प्रमुख होईल त्याचाच मॅक लागू होतो. म्हणून मुदतीची सोय आणि प्राधान्यक्रम या दोन्ही गोष्टी एकत्रच ठरवाव्या लागतात.

बेमुदत पर्याय निवडताना एक पथ्य आहे. समजा, प्रमुख डबा बिघडला, दुरुस्त होऊन आला आणि कोणी तो वरच्या मजल्यावर स्वतंत्रपणे लावला. स्टॅक अजून त्याचाच मॅक वापरतो आहे आणि तो स्वतःही. एकाच नेटवर्कात एका पत्त्याचे दोन धनी झाले, की माहिती कधी इकडे, कधी तिकडे जाते. हे टाळायचे तर काढलेला डबा त्याच नेटवर्कात दुसरीकडे लावण्यापूर्वी स्टॅकचा मॅक बदलून घ्यावा लागतो.

सदस्य क्रमांकाला एवढे महत्त्व का?

स्टॅकमधल्या प्रत्येक पोर्टच्या नावात पहिला आकडा सदस्य क्रमांकाचा असतो. ‘२/०/५’ म्हणजे दुसऱ्या डब्याचे पाचवे पोर्ट. कोणते पोर्ट लेखा विभागाचे, कोणते कॅमेऱ्यांचे, कोणते पाहुण्यांच्या वाय-फायचे, ही सगळी सेटिंग या क्रमांकाला बांधलेली असतात. क्रमांक चुकला तर कॅमेऱ्यांसाठी ठेवलेल्या वेगळ्या नेटवर्कात लेखा विभागाचे संगणक जाऊन बसू शकतात. हा नुसता खोळंबा नसून सुरक्षेचा प्रश्न आहे.

कोरा डबा स्टॅकमध्ये आला तर त्याला रिकामा असलेला सर्वांत लहान क्रमांक मिळतो. पण आधी दुसरीकडे वापरलेला डबा आपला जुना क्रमांक लक्षात ठेवून येतो. तिसऱ्या क्रमांकाच्या जागी असा पाच क्रमांक घेऊन आलेला डबा बसवला, तर तिसऱ्यासाठी ठेवलेली सेटिंग त्याला लागूच होत नाहीत. ‘सगळे पुसून लावला’ असे सांगितले जाते, पण सिस्कोच्या स्टॅकमध्ये सदस्य क्रमांक आणि प्राधान्यक्रम नेहमीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये नसतात. ते डब्याच्या वेगळ्या स्मृतीत असतात. फाइल पुसली तरी ते उरतात. याचा उलट अर्थही लक्षात घ्यायला हवा. सेटिंगच्या फाइलचा बॅकअप घेतला म्हणजे हे आकडे जपले गेले, असे होत नाही. ते कागदावर किंवा वेगळ्या नोंदीत लिहूनच ठेवावे लागतात.

ज्युनिपरमध्ये यावर एक चांगला उपाय आहे. कोणत्या सीरियल क्रमांकाचा डबा कितवा सदस्य आणि त्याची भूमिका काय, हे आधीच लिहून ठेवता येते. यादीत नसलेला डबा मग आपोआप स्टॅकमध्ये शिरत नाही.

नवा डबा जोडताना तो बंद ठेवून केबल लावावी आणि मग सुरू करावा, हा नियमही यातूनच आला. चालू डबा जोडला तर त्याला दोन स्टॅक एकत्र येणे समजले जाते, पुन्हा निवडणूक होते आणि हरलेल्या बाजूची उपकरणे बंद होऊन पुन्हा सुरू होतात. हरणारी बाजू कोणती, हे प्राधान्यक्रम ठरवतो. भर दुपारी कार्यालयाचे नेट जाण्याचे हे एक कारण असू शकते.

स्टॅकची केबल तुटली तर?

स्टॅकची जोडणी साधारणपणे वर्तुळाकार असते. पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा पुन्हा पहिल्याला. एक केबल निघाली तरी दुसऱ्या बाजूने वाट राहते, फक्त वेग कमी होतो. दोन ठिकाणी तुटले तर स्टॅकचे दोन भाग होतात आणि दोन्ही भागांकडे तेच नाव, तोच आयपी पत्ता राहतो. दोघेही स्वतःला खरा स्टॅक समजतात. नेटवर्कात एका पत्त्याचे दोन दावेदार तयार होतात. अनेक ठिकाणी एक केबल वाचवण्यासाठी वर्तुळ पूर्णच केलेले नसते. तिथे एकच केबल निघणे पुरेसे असते.

दुसरा मार्ग आहे का?

ओळख कोणत्याही डब्याकडून उसनी न घेता तिसरीच, काल्पनिक ओळख वापरण्याचा मार्ग आहे. त्याला व्हीआरआरपी म्हणतात. त्याचे पहिले मानक १९९८ मध्ये आले. यात दोन राऊटर आपापले नाव आणि आपापला आयपी राखतात. समजा एकाचा १९२.१६८.१०.२ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१०.३. दोघे मिळून १९२.१६८.१०.१ हा तिसरा पत्ता चालवतात. त्याचा मॅक पत्ताही मानकानेच ठरवलेला असतो. तो ००-००-५ई-००-०१ ने सुरू होतो आणि शेवटी गटाचा क्रमांक येतो. मुख्य राऊटर दर सेकंदाला आपण जिवंत असल्याचे कळवतो. निरोप थांबले, की काही सेकंदांत दुसरा तोच आयपी आणि तोच मॅक घेऊन उभा राहतो. संगणकांना बदल कळतही नाही. मात्र इथे दोन उपकरणे वेगळी सांभाळावी लागतात. स्टॅकमध्ये कारभार सोपा, पण ओळख जपावी लागते. व्हीआरआरपीमध्ये ओळख सुरक्षित, पण कारभार दुप्पट.

घरातल्या दोन राऊटरचे काय?

घरी खरा स्टॅक नसतो, पण डब्याला डबा जोडलेला असतोच. एक पुरवठादाराने दिलेला फायबरचा आणि दुसरा चांगल्या वाय-फायसाठी विकत घेतलेला. अनेक कंपन्यांच्या राऊटरचा पत्ता मुळात १९२.१६८.१.१ असतो. दोन्हींचा तोच असेल तर दुसऱ्या राऊटरला आतली आणि बाहेरची बाजू वेगळी ओळखता येत नाही. काही राऊटर अशा वेळी स्वतःच पत्ता बदलतात, बाकीचे अडून बसतात. उपाय दोन. दुसऱ्या राऊटरचा आतला पत्ता १९२.१६८.२.१ असा वेगळा करायचा, किंवा सेटिंगमध्ये त्याला ‘ॲक्सेस पॉइंट मोड’वर टाकायचे. दुसरा पर्याय बहुतेक घरांसाठी सोयीचा. त्यात पत्ते वाटण्याचे काम एकाच डब्याकडे राहते. पहिल्या पर्यायात पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते. त्यामुळे साधे ब्राउझिंग चालते, पण बाहेरून घरचा कॅमेरा पाहणे किंवा काही ऑनलाइन गेम अडतात.

मोबाइलचीही ओळख आता स्थिर नाही. ॲण्ड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला आपला खरा मॅक न देता वेगळा बनवलेला मॅक देतो. पाळत टाळण्यासाठी हे चांगलेच आहे. पण घरच्या राऊटरमध्ये मॅकनुसार मुलांच्या फोनला वेळेची मर्यादा लावली असेल, तर वाय-फायचे नाव बदलल्यावर ती मर्यादा लागू राहीलच असे नाही. घरच्या वाय-फायपुरती ही सोय फोनच्या सेटिंगमध्ये बंद करता येते.

कायद्याशी संबंध काय?

केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी संस्थांना आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत आणि यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जुळवायची आहेत. आता सिस्कोच्या स्विचचे मूळ नाव ‘स्विच’ आणि राऊटरचे ‘राऊटर’ असते. ते कोणी बदललेच नसेल तर नोंदींत पाच वेगवेगळ्या उपकरणांपुढे ‘स्विच’ एवढेच दिसते. त्यातच मॅक पत्ता रात्रीत बदललेला असेल, तर घटना कोणत्या मजल्यावर, कोणत्या डब्यात घडली हे सहा तासांत शोधायचे कसे? नोंद जपली, पण ती कोणाची हे कळत नसेल तर तिचा उपयोग मर्यादितच.

मग काय करायला हवे?

उपाय महाग नाहीत. प्रमुख होणाऱ्या डब्याला १५ आणि त्याच्या पर्यायाला १४ असा प्राधान्यक्रम द्यावा. हे दोघे वेगवेगळ्या यूपीएसवर असावेत. सदस्य क्रमांक रॅकमध्ये वरून खाली ओळीने द्यावेत आणि तेच आकडे डब्यावर चिकटवावेत. मॅक पत्ता किती काळ धरायचा हे ठरवून लिहून ठेवावे. नावात इमारत आणि मजला यावा. देखभालीचा आयपी पत्ता स्थिर असावा आणि आपोआप वाटल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या यादीबाहेरचा असावा. केबलचे वर्तुळ पूर्ण करावे. प्रत्येक डब्याचा सीरियल क्रमांक, मॅक, सदस्य क्रमांक आणि प्राधान्यक्रम यांचा तक्ता संस्थेच्या ताब्यात हवा, केवळ कंत्राटदाराच्या लॅपटॉपमध्ये नको.

खरी अडचण तंत्रज्ञानाची नाही, खरेदीच्या पद्धतीची आहे. निविदेत डब्यांची संख्या, पोर्ट आणि वेग यांचा तपशील सहज मागता येतो. प्रमुख कोण, पत्ता काय आणि वीज गेल्यावर काय होईल, हे मागायचे तर ते आधी माहीत असावे लागते. बसवणारा तंत्रज्ञ केबल जोडतो, नेट सुरू झालेले दाखवतो आणि निघून जातो. काही ठरवले नाही तरी पहिल्या दिवशी सगळे व्यवस्थितच चालते. म्हणून काम ताब्यात घेताना एक साधी परीक्षा घ्यावी. कंत्राटदाराच्या समोर प्रमुख डब्याचा प्लग काढावा आणि प्रिंटर, हजेरीचे यंत्र, बाहेरचे इंटरनेट चालते का ते पाहावे. मग पूर्ण रॅकची वीज बंद करून पुन्हा द्यावी आणि प्रमुख तोच राहिला का, मॅक तोच आहे का, हे तपासावे. दोन्ही चाचण्या मिळून अर्ध्या तासाचे काम आहे. रुग्णालयाचा नोंदणी कक्ष किंवा बँकेचा काउंटर ऐन गर्दीत बंद पडल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा, शेवटचे बिल देण्याआधी घालवलेला हा अर्धा तास कितीतरी स्वस्त आहे.